उष्ट्याचा माग

"आजोबा, जरा आठवून सांगा. आजवर तुमचं उष्टं कुणी खाल्लंय? किंवा तुम्ही कुणाचं?"

डॉक्टर तरन्नुम जमादार यांनी हे इतक्या सहज विचारलं, की उल्हासराव डिंगऱ्यांना आधी वाटलं आपल्याच कानांत काहीतरी बिघडलंय. मग त्यांना राग आला. नोकरीची सगळी वर्षं अन्न निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला असं विचारायचं, म्हणजे हेडमास्तरांना तुम्ही कुणाची कॉपी केलीत असं विचारण्यासारखंच.

"कुणाचंही नाही," ते म्हणाले. "आणि माझंही कुणी नाही."

त्यांच्या मते यात तसूभर खोटं नव्हतं. नाव उल्हास असलं तरी हा माणूस ज्या हॉटेलात पाऊल टाकी, तिथला उल्हास तेवढ्यापुरता मावळत असे. मिरज-सांगलीच्या हॉटेलवाल्यांची त्यांना पाहून पाचावर धारण बसायची. लग्नाला ते स्वतःचं फुलपात्र पिशवीत घालून नेत आणि पाणी वरून पीत. घरात तेव्हा माणसं तीन आणि तिघांच्या पेल्यांना तीन रंगांचे ठिपके. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत ते, आणि मिठाईवर तर नाहीच नाही.

आता त्या कामात माणूसच लागत नव्हता. प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर काडेपेटीएवढं यंत्र बसलेलं असायचं. ते वासावरून शिळं ओळखायचं, भेसळ ओळखायचं, आणि वर उल्हासरावांसारखं कुणावर डाफरायचंही नाही. निवृत्त झाल्यावर लोकांना त्यांची भीती वाटेनाशी झाली. भीती गेल्यावर त्या जागी दुसरं काही यावं, अशी तजवीज मात्र त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती.

दुखणं सुरू झालं ते पायापासून. डाव्या तळपायावर एक जांभळट डाग उठला. चप्पल लागली असेल म्हणून त्यांनी चप्पल बदलली. एका डागाचे चार झाले, घोट्यावरून पोटरीवर चढले. घरात कुणी असतं तर 'अहो, पायाला काय झालंय हे' असं एकदा तरी कानावर पडलं असतं. विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून ते लांबणीवर पडत गेलं. शौचाला काळं व्हायला लागलं, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे ते मिरजेच्या या हॉस्पिटलची पायरी चढले.

"याला कापोसी सार्कोमा म्हणतात," जमादार डॉक्टरांनी समजावलं. "दिसायला त्वचेचा कर्करोग, पण धरतो रक्तवाहिन्यांच्या अस्तराला. म्हणून डाग जांभळे. आपल्याकडे इतका दुर्मीळ, की मी तुमच्याआधी एकच पाहिला होता. तुमचा आता आत उतरलाय. आतड्यात आहे, फुप्फुसात आहे."

"कशामुळे?"

"एका व्हायरसमुळे. कांजिण्या ज्या घराण्यातल्या, त्याच घराण्यातला हा. लाळेतून एकाचा दुसऱ्याकडे जातो आणि पुढे आयुष्यभर अंगात झोपून राहतो. बहुतेकांना पत्ताही लागत नाही. क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती वयामुळे सैल पडते आणि मग हा जागा होतो."

जुन्या औषधांनी हे काम व्हायचं नाही, असंही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. उल्हासरावांचं हृदय ती औषधं सोसणारं नव्हतं. मार्ग एकच होता, आणि तो निघून चार वर्षंही झाली नव्हती. त्याला जोडपेशी म्हणत.

त्यामागची कल्पना साधी होती. हा व्हायरस ज्याच्या त्याच्या अंगात थोडा थोडा बदलतो. वर्गात एकानं वही उतरवून घेतली, की त्याच्या स्पेलिंगच्या चुका दुसऱ्याच्या वहीत जातात, तिथे आणखी दोन चुकांची भर पडते आणि तिसऱ्याकडे सगळ्या मिळून पोचतात. मास्तर नुसत्या चुका पाहून सांगतात कुणी कुणाचं पाहून लिहिलं. तसंच या व्हायरसचं. ज्यांच्यात एकाच वहीतली नक्कल आहे, त्यांनी कधीतरी एकमेकांचं उष्टं खाल्लंय. त्यांतला एक आजारी आणि दुसरा ठणठणीत असेल, तर त्या ठणठणीत माणसाच्या रक्तातल्या पहारेकरी पेशींनी हाच चोर वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेला असतो. त्या पेशी काढायच्या, यंत्रात घालून त्यांच्यावरची परकेपणाची खूण पुसायची आणि आजाऱ्याला द्यायच्या. प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशी या चोराला ओळखताना गडबडत. अनुभवी पहारेकरी गडबडत नसत. दहांतले सहा-सात पेशंट उठून घरी गेले होते.

"म्हणून विचारते," डॉक्टर म्हणाल्या. "एक माणूस मिळायला हवा. फक्त एकच."

उल्हासराव घरी आले आणि त्यांनी आठवून पाहिलं. एक माणूस आठवेना. जगण्यासाठी ज्याची गरज होती, ते टाळण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्या संध्याकाळी त्यांना पहिल्यांदा आपली स्वतःची भीती वाटली.

मुलानं, मिहीरनं, आपली तपासणी आहे तिथेच, तस्मानियात, करून घेतली. दोन दिवसांनी तो समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसला.

"बाबा, माझ्यात नाहीये तो व्हायरस."

"बरं झालं," उल्हासराव मनापासून म्हणाले.

"बरं काय झालं? असता तर कामाला आला असता." मिहीर म्हणाला. "येणार तरी कुठून म्हणा. तुम्ही मला घास भरवल्याचं काही आठवत नाही. रागानं नाही हं म्हणत. आठवत नाही एवढंच."

"तुझ्या उष्टावणाला होतो की मी."

"होतात. आई सांगते ना. खिरीचा चमचा तुम्ही आधी दहा मिनिटं उकळायला लावला होता आणि तोवर मी झोपून गेलो." मिहीर हसला. मग म्हणाला, "आईला विचारलंत?"

"तिचा काय संबंध? तिचं ताट वेगळं, पेला वेगळा."

"विचारून तर बघा."

विचारणं सोपं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी माहेरची भावजय आजारी म्हणून त्यांच्या पत्नी शैलजाबाई कुरुंदवाडला गेल्या. भावजय बरी झाली, शैलजाबाई आल्या नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. महिन्याभरानं उल्हासरावांनी फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी काही तुमचं सँपल नाही हो, रोज उठून तपासायला." त्यावर त्यांनी फोन ठेवून दिला. शेवटी हॉस्पिटलनंच शैलजाबाईंना फोन केला. त्यांनी काही न विचारता तिथल्या दवाखान्यात जाऊन लाळ दिली.

पुढच्या आठवड्यात जमादार डॉक्टरांनी उल्हासरावांना बोलावून घेतलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सापडल्या! तुमच्या मिसेस. एकाच वहीतली नक्कल आहे, शंकाच नाही. आणि तब्येत म्हणाल तर तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत."

उल्हासरावांच्या मनात आधी आला तो जगण्याचा विचार नव्हताच. शैलजेनं आपलं उष्टं खाल्लं होतं, हा होता. त्यांना एकदम भरून आलं, आणि हे असं का व्हावं तेच कळेना.

"म्हणजे माझ्याकडून गेला तिला."

"उलटं आहे, आजोबा. त्यांच्यातल्या सगळ्या चुका तुमच्यात आहेत आणि वर तुमच्या स्वतःच्या दोन. त्या दोन त्यांच्यात नाहीत. तुमची वही त्यांच्यावरून उतरवलेली आहे. त्यांच्याकडे बहुतेक त्यांच्या आईकडून आला असेल."

"शक्य नाही. मी तिच्या पेल्याला कधी हात लावला नाही."

"यंत्राला पेले माहीत नसतात," डॉक्टर म्हणाल्या. "आता त्यांना पेशी द्यायची विनंती करायची. त्यांच्या अंगात व्हायरस आहे आणि तपासण्या करत राहा, हे मला त्यांना सांगावंच लागेल. कुणाकडून कुणाकडे गेला, ते सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. उपचारात त्यानं काही फरक पडत नाही."

उपचारात पडत नसेल, बाकी सगळ्यात पडत होता. उल्हासराव रिक्षात बसल्यापासून तोच विचार करत होते. शैलजेला खरं सांगितलं, की तिचा जीव तुटणार. ती नाही म्हणणार नाही. नुसत्या पेशी देऊन थांबणार नाही, इथे येईल, उशाशी बसेल, पेज करून आणेल. नऊ वर्षं ज्या दारातून कुणी आलं नाही, त्या दारातून ती येईल. त्यांना ती हवी होती. पेशींपेक्षाही ती हवी होती, हे त्यांनी रिक्षात बसल्या बसल्या स्वतःशी कबूल करून टाकलं. आणि यात लबाडी तरी काय होती? चूक जिथे असेल तिथे बोट ठेवणं हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते विजेवरच्या एसटीत बसून कुरुंदवाडला गेले. शैलजाबाई माहेरच्या घराच्या माडीवर राहत होत्या. भावजय देवळात गेलेली होती.

"या," त्या म्हणाल्या. "जिना कशाला चढलात? हाक मारायची की खालनं. केवढी धाप लागलीय." त्यांनी खुर्ची पुढे केली, पंखा लावला. "आधी चहा घ्या. मग बोला काय ते."

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. उल्हासराव बसल्या जागेवरून पाहत राहिले. केस सगळे पांढरे झाले होते. दोन कप गाळून झाले. शैलजाबाईंनी त्यांतला एक उचलला, ओठांना लावून बारीकसा घोट घेतला, डोळे मिटून क्षणभर थांबल्या. चिमूटभर साखर घातली, ढवळलं, पुन्हा एक घोट घेतला. मग मान हलवली आणि तोच कप बशीत ठेवून बाहेर आणला. हाताच्या सवयीनं सगळं झालं होतं. त्यांचं स्वतःचंही लक्ष नव्हतं.

लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात उल्हासरावांनी चहाचा कप नुसता पुढे सरकवून परत पाठवला होता. 'पाक केलायस, चहा कर.' दुसऱ्या दिवशी फिका म्हणून परत. त्यानंतर चहा कधी बिघडला नाही. एवढी वर्षं एकदाही नाही. त्यांना वाटायचं आपण हिला तयार केलं. मित्रांत सांगायचेही. आणि ही बाई भीतीपोटी म्हणा, मायेपोटी म्हणा, दिवसातून दोनदा त्यांना आपलं उष्टं पाजत होती.

त्यांनी चहा घेतला. साखर बरोब्बर होती.

"बोला आता," शैलजाबाई समोर बसत म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं. डाग, आतडं, फुप्फुस, व्हायरस. शैलजाबाईंच्या रक्तातल्या पेशी मिळाल्या तर जगण्याची आशा आहे, नाहीतर दिवाळी काही दिसत नाही. सरकारी अहवाल वाचावा तसं एका सुरात सांगितलं. त्यांना दुसरं बोलणं येतच नव्हतं.

"पण माझ्यात कसा असेल तो? पसरतो कशातून?"

"लाळेतून."

शैलजाबाईंची नजर उल्हासरावांच्या हातातल्या कपावर गेली आणि तिथेच खिळली. बघता बघता चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्यांनी पदराचं टोक तोंडावर धरलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, म्हणजे हे मी..."

मान हलवायची, बस, एवढंच काम होतं. ती लगेच उठून कपडे पिशवीत भरायला लागली असती. उल्हासरावांनी तिच्याकडे पाहिलं. हॉटेलच्या मागच्या खोलीत पंचनाम्याला उभी राहिलेली शेकडो माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांनी कधी नीट पाहिला नव्हता. हा पाहिला. असा चेहरा घेऊन ती आपल्या उशाशी बसणार, पेज भरवणार, आणि आपण गेलो तर तोच घेऊन उरलेलं आयुष्य काढणार.

"नाही," ते म्हणाले. "उलटं आहे. माझ्याकडून तुला आलाय."

"काय सांगताय?"

"यंत्रात दिसतं ते. आधी माझ्यात, मग तुझ्यात."

"नक्की ना? यंत्र चुकलं नसेल?"

"यंत्र चुकत नाही." त्यांनी आवाजात जुनी जरब आणली. "तूच सांग. माझं उष्टं कधी खाल्लंस?"

शैलजाबाईंची मान खाली गेली. त्या म्हणाल्या, "तुमच्या ताटात जेवायचे मी. रोज. तुम्ही उठून पेपर घेऊन बसलात की."

हे उल्हासरावांना माहीत नव्हतं. आपण ठोकून दिलेल्या खोट्याला असा खरा आधार निघेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"का?"

"एक ताट कमी घासावं लागायचं," शैलजाबाई फटकन म्हणाल्या. मग पदर नीट करत हळू आवाजात म्हणाल्या, "आणखी कशात तुमच्याजवळ बसता येत होतं?"

खालच्या रस्त्यावरून पेढेवाल्याची गाडी हॉर्न वाजवत गेली. शैलजाबाईंनी एक मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परत आला.

"माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं हो. पण तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार. माझी चूक असती तर तुम्ही सोडली असती होय?"

"नाही," उल्हासराव म्हणाले. "सोडली नसती."

शैलजाबाईंना सुटल्यासारखं वाटलं आणि त्यापाठोपाठ राग आला, तो यायचाच होता. "म्हणजे तुमच्याबरोबर संसार करून शेवटी हे पदरात पडलं माझ्या," त्या म्हणाल्या. "मी तर म्हणत होते काहीच दिलं नाहीत." उल्हासराव ऐकून घेत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंडावर ऐकवलेलं, आज त्यांना मुकाट्यानं ऐकता येत होतं. तुझ्या अंगातल्या पहारेकरी पेशींनी व्हायरसला कोंडून ठेवलंय, वर्षातून एकदा तपासून घे म्हणजे झालं, एवढं मात्र त्यांनी दोनदा बजावून सांगितलं.

"पेशी देते," शेवटी शैलजाबाई म्हणाल्या. "नाही कशी म्हणू? पण द्यायच्या आणि त्याच दिवशी परत यायचं. तिकडे राहा म्हणू नका."

"म्हणणार नाही."

"आणि तिथे मला भेटायला, आभार मानायला येऊ नका. मला ते जमायचं नाही."

"नाही येणार."

त्या जिन्यापर्यंतही आल्या नाहीत. एसटीत खिडकीशी बसल्यावर उल्हासरावांना रडू आलं. शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि तोंड लावून प्यायले. तो माणूस जरा चमकला.

पेशी काढायच्या दिवशी उल्हासरावांनाही हॉस्पिटलात हजर राहावं लागलं. दोघांचंही ताजं रक्त यंत्राला एकाच वेळी लागत होतं, कारण एकाच्या पेशींना दुसऱ्याच्या शरीराची ओळख तिथेच करून द्यायची होती. खोली एकच होती. मधे हिरवा पडदा. शैलजाबाईंना आधी आणून निजवलं, मग उल्हासरावांना चाकाच्या खुर्चीतून अलीकडे आणलं. आपण आल्याचं त्यांनी पलीकडे कळू दिलं नाही. यंत्र मधोमध घरघरत होतं. पलीकडच्या नळीतून रक्त यायचं, फिरायचं, परत जायचं.

सिस्टर बोलकी होती. घटकाभरात तिनं शैलजाबाईंचं माहेर, सासर, मुलगा, सगळं काढून घेतलं.

"आज्जी, तुमच्याकडून गेला का हो आजोबांना व्हायरस?"

"छे गं! त्यांच्याकडून मला आला. मशीननंच सांगितलंय तसं." शैलजाबाईंचा आवाज मोकळा होता, मुलीच्या आवाजासारखा. "मी काय देणार त्यांना? त्या माणसानं माझ्या हातून कधी काही घेतलंच नाही."

आणि त्या हसल्या. असं हसणं उल्हासरावांनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ऐकलं होतं. नंतर ते घरातून कधी गेलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. एक हाक मारली असती तर ती पडद्यापर्यंत सहज पोचली असती. दिवसातून दोनदा घेतलं गं, असं म्हणता आलं असतं. त्यांनी ओठ आवळून धरले.

पडदा जरासा सरकवून सिस्टर अलीकडे डोकावली. यंत्राचे आकडे पाहता पाहता तिनं हळूच विचारलं, "काय आजोबा, आज्जी म्हणतात ते खरं का? तुम्हीच दिलात हा व्हायरस त्यांना?"

"हो," उल्हासराव म्हणाले. "मीच दिला."

सिस्टर लटक्या रागानं मान हलवत परत गेली. पलीकडे शैलजाबाई तिला कुरुंदवाडची चारची बस मिळेल का, ते विचारत होत्या.